दाखवण्याआधी नोंद करा
आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आपल्या वाणाची, अवजाराची आणि नावाची राखण



आपला माल आता गावच्या बाजारापुरता राहिलेला नाही. नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात जातात, कोकणचा हापूस आखातात जातो. मालाच्या मागोमाग आपले शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गटही प्रदर्शनांना जाऊ लागले आहेत. दिल्लीत प्रगती मैदानावर १९८० साली सुरू झालेला भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा नोव्हेंबरात भरतो. दुबईत खाद्यपदार्थांचं 'गल्फूड' भरतं. जर्मनीत बर्लिनला फळं-भाजीपाल्याचं 'फ्रुट लॉजिस्टिका' आणि हॅनोव्हरला अवजारांचं 'ॲग्रिटेक्निका' भरतं.

प्रदर्शनाला जरूर जावं. नवं गिऱ्हाईक तिथं भेटतं आणि जगात काय चाललंय ते चार दिवसांत कळतं. पण एक गोष्ट गाठीला बांधून जावं. तुमच्या स्टॉलपुढून जाणाऱ्या शंभर माणसांत गिऱ्हाईक असतात, तसे नक्कल करणारेही असतात. कुणी फोटो काढतो, कुणी मूठभर बी मागतो, कुणी अवजाराची मापं घेतो. तुम्ही हौसेनं सगळं सांगता. पुढच्या हंगामात तेच अवजार दुसऱ्याच्या नावानं बाजारात येतं. मग तक्रार करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, 'नोंद कुठं आहे?' नोंद नसेल तर पुढचं बोलणं तिथंच थांबतं.

म्हणून या पत्रकात एवढंच सांगायचं आहे : आधी नोंद, मग प्रदर्शन. उलट केलं तर वरातीमागून घोडं.

ही अडचण जुनीच आहे

ही काळजी काही आपल्यालाच पडलेली नाही. १८७३ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. परदेशातले यंत्र करणारे तिथं यायला कचरू लागले. आपलं यंत्र दाखवलं की त्याची नक्कल होणार आणि परक्या मुलखात दाद लागणार नाही, ही त्यांची भीती. शेवटी ऑस्ट्रियानं खास कायदा केला आणि मांडलेल्या वस्तूंना तात्पुरतं संरक्षण दिलं. त्याच साली तिथं पेटंटवर परिषदही झाली. त्यातून बोलणी वाढत गेली आणि १८८३ साली पॅरिस करार झाला. मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ठेवलेल्या वस्तूला सभासद देशांनी तात्पुरतं संरक्षण द्यावं, असं त्या कराराचं अकरावं कलम सांगतं. भारत १९९८ साली या करारात सामील झाला.

म्हणजे सोय आहे. पण ती आपोआप मिळत नाही. आपला अर्ज, आपला कागद आणि आपली तारीख लागते.

आपलं काय आहे ते आधी ओळखा

प्रत्येक वस्तूला एकच कुंपण चालत नाही. ऊस राखायचा वेगळा, द्राक्षबाग राखायची वेगळी. तसंच इथंही आहे.

१. अवजाराचं काम नवीन असेल तर पेटंट. समजा तुम्ही असं कोळपं केलं की जे तण काढता काढता खतही देतं, आणि तशी जोडणी आजवर कुणी केलेली नाही. याला पेटंट मिळू शकतं. ते वीस वर्षं चालतं, दरवर्षीची फी वेळेवर भरावी लागते. मात्र शेती करण्याची पद्धत, पीक, झाड, बियाणं यांना आपल्या देशात पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातच तसं म्हटलं आहे. 'माझ्या लागवडीच्या पद्धतीचं पेटंट काढून देतो' असं सांगून कुणी पैसे मागितले तर सावध व्हा.

२. वस्तूचा घाट नवीन असेल तर डिझाईन. काम जुनंच, पण आकार, ठेवण, नक्षी नवीन. गुळाच्या ढेपेचा नवा साचा, काकवीची वेगळ्या घाटाची बाटली, ही याची उदाहरणं. २००० च्या डिझाईन कायद्यानं दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढं आणखी पाच वर्षं वाढवता येतं.

३. नाव आणि चिन्ह असेल तर ट्रेडमार्क. डब्यावरचं नाव, खोक्यावरचं चित्र हे तुमचं व्यापारचिन्ह. दहा वर्षांनी नूतनीकरण करत गेलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. इथं एक खबरदारी घ्या. अर्ज केल्यावर नावापुढं 'टीएम' लिहिता येतं. पण वर्तुळातलं 'आर' हे अक्षर नोंदणी पूर्ण झाल्यावरच छापावं. त्याआधी छापणं हा गुन्हा आहे.

४. नवा किंवा जपलेला वाण असेल तर वाण नोंदणी. यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. याबद्दल पुढं सविस्तर सांगितलं आहे.

५. गावाच्या, मुलखाच्या गुणाचा माल असेल तर भौगोलिक मानांकन. कोल्हापूरचा गूळ, नागपूरची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सोलापूरचं डाळिंब यांना हे मानांकन आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालं. हे मानांकन एकट्याचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. पण त्याचं चिन्ह खोक्यावर लावायचं तर तुम्ही स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद केलेली असली पाहिजे. रत्नागिरीत बाग आहे एवढ्यानं भागत नाही.

एकाच मालाला दोन-तीन कुंपणंही लागू शकतात. कोळप्याच्या कामाला पेटंट, त्याच्या घाटाला डिझाईन आणि त्याच्या नावाला ट्रेडमार्क, असं तिन्ही घेता येतं.

वाणाची गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे लहान शेतकरी होते. १९८३ साली त्यांना आपल्या 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून ठेवल्या, वर्षामागून वर्ष लावून पाहिल्या आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण उभा केला. त्या काळी एचएमटी घड्याळाची चलती होती. तेच नाव या धानाला पडलं. बी एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आणि बऱ्याच राज्यांत पसरलं. १९९८ साली कृषी विद्यापीठानं ते शुद्ध करून 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं प्रसारित केलं. पुढं दादाजींचा मानसन्मान झाला. पण जो वाण हजारो शेतांत उभा राहिला त्याच्या मानानं त्यांच्या पदरात फार थोडं पडलं. २०१८ साली ते वारले.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेलं 'तास-ए-गणेश', सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचं 'सोनाका', ही द्राक्षंही शेतकऱ्याच्याच नजरेनं शोधलेली आहेत. हे वाण पसरले तेव्हा शेतकऱ्यानं आपला वाण नोंदवावा असा कायदाच नव्हता. आज तो आहे. मग आता नोंद न करण्याला सबब काय?

या कायद्यानं शेतकऱ्याला काय दिलं आहे ते नीट समजून घ्या.

शेतकऱ्याला आपला वाण नोंदवताना फी द्यावी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला गावरान वाणसुद्धा 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदवता येतो, एकट्याला किंवा गावानं मिळून. अर्जावर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची शिफारस लागते. वाण इतरांपेक्षा वेगळा आहे, एकसारखा आहे आणि टिकाऊ आहे, हे चाचणीत पाहतात. नोंद झाली की पिकांना पंधरा वर्षं आणि झाडं व वेलींना अठरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं.

नवीन तयार केलेल्या वाणाला मात्र मुदतीचं बंधन आहे. अर्जाच्या आधी देशात एक वर्षाहून जास्त काळ त्याचं बी किंवा माल विकला गेला असेल तर तो 'नवीन' धरत नाहीत. परदेशात विक्री झाली असेल तर साधारण पिकाला चार वर्षं आणि झाडं व वेलींना सहा वर्षं ही मर्यादा आहे. प्रदर्शनात टेबलावर घड नुसता मांडला तर ती विक्री होत नाही. पण त्याच टेबलावरून काड्या, कलमं, बी वाटलंत किंवा विकलंत तर त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं.

आणि आपले हक्क शाबूत आहेत. संरक्षित वाणाचं बीसुद्धा शेतकरी राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकू शकतो. फक्त त्या वाणाचा छाप आणि लेबल लावून विकायचं नाही. मात्र हा हक्क आपल्या देशातला आहे. परदेशातल्या स्टॉलवर तो चालेल असं समजू नये.

'आम्ही तर प्रदर्शनात दाखवून बसलो!'

आता तुम्ही म्हणाल, आधीच दाखवलं असेल तर काय? थोडी सवलत आहे, पण तिची अट कडक आहे.

पेटंटसाठी : केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू दाखवली असेल, तर प्रदर्शन सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो.

डिझाईनसाठी : मुदत सहाच महिन्यांची आहे. शिवाय प्रदर्शनात मांडण्यापूर्वी नियंत्रकांना ठरलेल्या नमुन्यात सूचना द्यावी लागते. सूचना न देता मांडलं तर सवलत गेली.

तालुक्याचं कृषी प्रदर्शन, जत्रेतला स्टॉल, कारखान्याच्या आवारातला मेळावा यांना राजपत्रातलं प्रदर्शन समजू नका. मोबाईलवर टाकलेला व्हिडिओ तर मुळीच नाही. आपणच हौसेनं जगाला दाखवलेला व्हिडिओ उद्या आपल्याच अर्जाच्या आड येतो.

परदेशातही सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेत स्वतः उघड केलेल्या शोधाला एक वर्षाची मोकळीक मिळते. युरोपात पेटंटच्या बाबतीत ती जवळजवळ नाहीच. म्हणून सवलतीच्या भरवशावर राहू नये. पूर्ण अर्जाला वेळ लागणार असेल तर 'प्रोव्हिजनल' अर्ज करून तारीख पक्की करावी. पुढचा पूर्ण अर्ज बारा महिन्यांत करता येतो.

हक्क देशाच्या शिवेपर्यंतच

इथं फार जण फसतात. मुंबईत नोंदवलेला ट्रेडमार्क दुबईत चालत नाही. भारतातलं पेटंट जर्मनीत चालत नाही. प्रत्येक देशाची नोंद वेगळी. आपल्या सातबाऱ्यावर शेजारच्या गावची जमीन येत नाही, तसंच हे आहे.

पण धावपळ करायला वेळ मिळतो. पॅरिस करारामुळं आपल्याकडं पहिला अर्ज केल्यापासून पेटंटसाठी बारा महिने, डिझाईन आणि ट्रेडमार्कसाठी सहा महिने मिळतात. या मुदतीत परदेशात अर्ज केला तर आपलीच पहिली तारीख धरतात. ट्रेडमार्कसाठी आणखी एक सोय आहे. भारत २०१३ पासून माद्रिद करारात आहे, म्हणून आपल्याकडच्या कार्यालयातून एकाच अर्जानं अनेक देश मागता येतात.

शोधाच्या बाबतीत एक नियम पाळा. भारतात राहणाऱ्यानं परस्पर परदेशात पेटंटचा अर्ज करायचा नसतो. आधी इथं अर्ज करून सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर परवानगी घ्यावी लागते.

सगळ्या देशांत नोंद करण्याइतका पैसा कुणाकडंच नसतो. जिथं माल विकायचा आहे आणि जिथं प्रदर्शन आहे, ते दोन-तीन देश निवडावेत.

स्टॉलवर काय करावं, काय करू नये

बी, काडी, डोळा, कलम, रोप स्टॉलवरून कुणालाही देऊ नका. बरणीतलं बी बंद झाकणाखाली ठेवा. 'फक्त बघायला' मागणाऱ्याला फळ द्या, पण त्यातलं बी उगवणारं आहे का याचा आधी विचार करा.

परदेशी माणसाला वाण देण्याच्या बाबतीत आणखी एक कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला किंवा कंपनीला संशोधनासाठी अथवा धंद्यासाठी आपल्याकडचं जैविक साधन हवं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. नेहमीचा खाण्याचा माल विकणं वेगळं आणि वाण सुधारण्यासाठी बी देणं वेगळं. 'नमुना पाठवा, पुढं बघू' म्हणणाऱ्याला आधी परवानगीचा कागद विचारा.

अवजार चालवून दाखवा, पण उघडून दाखवू नका. आतली जोडणी, मापं, धातूचं मिश्रण हे पत्रकात छापू नका. अर्जाचा क्रमांक असेल तर तो ठळक छापा. 'याची नोंद आहे' एवढं वाचलं तरी हौशी नकलाकार मागं सरतो.

जो कुणी जास्त खोलात विचारेल त्याचं कार्ड मागून घ्या. वहीत तारीख, नाव, देश आणि काय विचारलं ते लिहा. मोठा व्यापारी गुपित विचारत असेल तर आधी गुप्ततेचा लेखी करार करा. स्टॉलचे फोटो काढून ठेवा, भाड्याची पावती जपा. कोणत्या दिवशी काय मांडलं, याचा हाच पुरावा असतो.

कागदाची किंमत किती असते ते हळदीच्या प्रकरणात दिसलं. १९९५ साली हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. जे आपल्या घराघरात आजीला ठाऊक, त्याचा हक्क दुसऱ्याकडं! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तिथं आजीची साक्ष चालली नसती. जुने ग्रंथ आणि १९५३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुढं ठेवला, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

समोरच्या स्टॉलवर आपलीच नक्कल दिसली तर?

भांडायला जाऊ नका. वस्तूला हात लावू नका. शक्य असेल तर पावती घेऊन एक नग विकत घ्या आणि पत्रक गोळा करा. मग प्रदर्शनाच्या आयोजकांकडं लेखी तक्रार द्या. मोठ्या प्रदर्शनांत यासाठी वेगळी सोय असते. चीननं २००६ साली नियम करून तीन दिवस किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या प्रदर्शनांत तक्रार कक्षाची तरतूद केली. जर्मनीत कोर्ट तातडीचा मनाई हुकूम देतं आणि तो प्रदर्शन चालू असतानाच बजावता येतो.

पण या सगळ्यासाठी त्या देशात चालणारं प्रमाणपत्र हातात लागतं. म्हणून प्रमाणपत्राची प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर आणि वकिलाचा पत्ता घरी कपाटात न ठेवता सोबत न्यावा. प्रदर्शन तीन-चार दिवसांत उठतं. नंतर नकलाकार कुठं शोधणार?

आपणही दुसऱ्याचं उचलू नये

हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. परदेशातल्या प्रदर्शनात रंगदार, बिनबियाची नवी द्राक्षं दिसली की चार काड्या पिशवीत घालून आणायचा मोह होतो. तो टाळा.

एक तर परवान्याशिवाय आणि तपासणीशिवाय काडी आणणं वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशाविरुद्ध आहे. त्या काडीबरोबर नवा रोग आला तर आपलीच नव्हे, सगळ्या शिवारातली बाग धोक्यात येईल. दुसरं म्हणजे युरोपात वाणांचे हक्क कडक आहेत. तिथं वेली आणि झाडांच्या वाणाला तीस वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. परवानगीशिवाय लावलेल्या वाणाची फळं तिकडं पाठवली तर हक्कदार ती बंदरावर अडवायची मागणी करू शकतो. बाग लावायला तीन वर्षं, मांडवाचा खर्च, बँकेचं कर्ज, आणि माल कंटेनरमध्ये अडकलेला! नवा वाण हवा असेल तर हक्कदाराशी लेखी करार करून अधिकृत रोपवाटिकेतूनच घ्यावा, आणि करारावर सही करण्यापूर्वी माल कुणाला विकायचं बंधन आहे ते वाचून पाहावं.

तयारीचा क्रम

एक वर्ष आधी : काय नवीन आहे ते ओळखा. वाणासाठी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करा. वहीत तारखेनिशी नोंदी आणि फोटो ठेवायला लागा.

सहा ते आठ महिने आधी : पेटंट, डिझाईन, ट्रेडमार्कचे अर्ज करा. पेटंट आणि ट्रेडमार्कसाठी महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईत आहे. अर्ज ऑनलाईनही होतात. एकट्या व्यक्तीला फीमध्ये सूट असते. मानांकनाचा माल असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा.

तीन महिने आधी : ज्या देशात जायचं तिथं अर्ज करण्याचा निर्णय घ्या. प्रदर्शन राजपत्रात जाहीर झालं आहे का ते आयोजकांकडून लेखी घ्या. डिझाईनची सूचना द्यायची असेल तर द्या.

निघण्याआधी : प्रमाणपत्रांच्या प्रती, भाषांतर, भेट देणाऱ्यांची वही. पत्रकात गुपित छापलं नाही ना, ते दुसऱ्याकडून वाचून घ्या.

परत आल्यावर : वहीतली नावं पाहा. परदेशी अर्जाच्या मुदतीच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. सहा महिने पाहता पाहता जातात.

बंधू-भगिनींनो, पीक उभं राहिलं की आपण माळा बांधतो आणि राखणीला माणूस बसवतो. पाखरं येण्याआधी बसवतो, खाऊन गेल्यावर नाही. तुमच्या डोक्यातून निघालेलं अवजार आणि तुमच्या नजरेनं निवडलेला वाण हेही उभं पीकच आहे. त्याची राखण वेळेवर करा.

शंका असतील तर आपलं नाव, गाव, तालुका लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र पाठवा. मात्र पत्रातसुद्धा आपल्या शोधाचं गुपित लिहू नका. प्रश्न तेवढा विचारा.